खवल्या मांजराचे घर कोठे असेल?

कोकणात खवल्या मांजराचे नाव ऐकले नाही असा माणूस सापडायचा नाही. पण ते जनावर आपल्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधायचा म्हटला, तर दहा घरे हिंडावी लागतील. आम्ही सारा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात काढला. शाळेत मास्तरकी केली, हेडमास्तर झालो, निवृत्तही झालो. तरी ते जनावर आम्ही एकदाच पाहिले होते. तेही लहानपणी, आणि मेलेले.

म्हणून काही वर्षांपूर्वी शहरातून तीन तरुण मुले आमच्या गावी आली आणि "गुरुजी, तुमच्या रानात खवल्या मांजर आहे का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही ताडकन सांगून टाकले, "नाही. होते तेव्हा होते. आता काही उरले नाही."

त्यांतल्या एकाने खिशातून मोबाइल काढला. त्यात नकाशा होता. नकाशावर कोठे हिरवा रंग, कोठे पिवळा, कोठे तांबडा. आमच्या गावची वरची अंगची बाजू तांबडी दिसत होती. तो म्हणाला, "जिथं तांबडं, तिथं ते राहण्याजोगी जागा आहे. तुमच्या गावात जागा चांगली दिसते."

आम्हाला हसू आले. "अरे, नकाशा करणाऱ्याने आमचा गाव पाहिलाय तरी का?"

"नाही पाहिला," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

गाव न पाहता गावातली जागा कशी ओळखली, हे आज आपण वाचू. आधी त्या जनावराची थोडी ओळख करून घेऊ.

नावात मांजर आहे, पण हे मांजर नव्हे. मांजराशी त्याचे जवळचे नाते नाही. अंगभर खवले असतात, एकावर एक, कौलारू छपरासारखे. भीती वाटली की ते अंगाचे वेटोळे करते. मग वाघालाही त्या गोळ्यात दात घालणे कठीण. पण माणूस काय करतो? गोळा उचलतो आणि पोत्यात घालतो. जे हत्यार वाघापुढे चालते तेच माणसापुढे घात करते.

त्याला दात नाहीत. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचे अन्न. पुढच्या पायांच्या मोठ्या नख्यांनी वारूळ फोडायचे आणि लांब, चिकट जीभ आत घालून किडे ओढून घ्यायचे. दिवसा बिळात झोप, रात्री फिरणे. राहणे एकट्याचे. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीच्या बुडाशी चिकटून तिच्याबरोबर फिरते. ज्याला एकच पिल्लू, त्याचा वंश मारा सोसत नाही. उंदीर कितीही मारा, पुन्हा होतात. ह्याचे तसे नाही.

जगात खवल्या मांजराच्या आठ जाती मानत आले आहेत. चार आशियात, चार आफ्रिकेत. आपल्या देशात दोन. ईशान्येकडच्या डोंगरांत एक, आणि बाकी बहुतेक देशात आपली ही दुसरी. जगातील दुर्मिळ प्राण्यांची जी यादी ठेवली जाते, तिच्यात ही आपली जात "संकटात" म्हणून लिहिली आहे.

संकट कसले? खवल्यांचे. खवले औषधी असतात असा परदेशांत, विशेषतः चीनमध्ये, फार जुना समज आहे. आता खवला म्हणजे काय, तर आपले नख ज्या पदार्थाचे तोच पदार्थ. आपलेच नख उगाळून घेतले तर जो गुण येईल तोच त्याला येईल. २०२० साली चीनने आपल्या सरकारी औषधांच्या ग्रंथातून हे खवले काढून टाकले. त्याआधी २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी अनेक देशांची सभा भरली आणि आठही जातींचा देशोदेशींचा व्यापार बंद करण्याचे ठरले. तरी चोरटा धंदा थांबलेला नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक खूळ आहे. खवल्या मांजर नाहीतर मांडूळ पुढ्यात ठेवून मंत्र म्हटला की पैशाचा पाऊस पडतो म्हणे! असे सांगणाऱ्याच्या पायांत फाटकी चप्पल असते, हे कोणी पाहत नाही.

कायदा मात्र कडक आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत हे जनावर आहे. त्याला मारले, पकडले किंवा विकले तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि वर निदान पंचवीस हजार रुपये दंड. "लाख रुपये देतो" म्हणून कोणी वाडीत आला, तर हे त्याला वाचून दाखवावे. आता आपल्याला वाचता येते.

बरे, राखण करायची तर कोठे करायची? वनरक्षक एक आणि रान केवढे! सगळ्या डोंगराची राखण करू म्हणणे म्हणजे कशाचीच न करणे. वाघाचे पाऊल उमटते, डरकाळी ऐकू येते. हे जनावर रात्रीचे, मुके, एकटे. ते कोठे आहे हे दिसत नाही. म्हणून ते कोठे असू शकेल, हे आधी ताडावे लागते.

ताडणे म्हणजे अंदाजपंचे सांगणे नव्हे. अळंबीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात आपण अळंबी काढायला जातो ते काय डोळे मिटून? अळंबी कोठे येते हे आपल्याला ठाऊक असते. जमिनीत वाळवीचे घर असते, वरची माती भिजलेली असते, सावली असते, तिथे ती येते. तीन ठिकाणी मिळाली की आपण चौथे ठिकाण बघून म्हणतो, "इथे असायला पाहिजे." त्या मुलांच्या नकाशात हीच अक्कल आहे. फरक एवढाच की आपण एका गावाचे सांगतो, आणि तो नकाशा सगळ्या जिल्ह्याचे सांगतो.

आता हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत.

एका गावच्या नकाशावर उभ्याआडव्या रेघा मारून शंभर चौकटी केल्या. गावभर हिंडून पाहिले, तर बारा चौकटींत खवल्या मांजराची बिळे मिळाली. आता दुसरी गोष्ट मोजू. शंभरांपैकी तीस चौकटी उताराच्या आहेत, बाकी सपाट. जनावराला उतार काय आणि सपाटी काय, सारखेच असते, तर बारा बिळांपैकी किती उतारावर पडली असती? शंभरात तीस, म्हणजे दहात तीन. बारात साडेतीनच्या आसपास. पण मोजली तर नऊ निघाली. म्हणजे उतार त्याच्या पसंतीचा आहे.

असेच वारुळांचे मोजायचे, झाडोऱ्याचे मोजायचे, पाणी किती लांब, वस्ती किती लांब, रस्ता किती लांब, हेही मोजायचे. मग ज्या चौकटीत पसंतीच्या गोष्टी जास्त, तिला गुण जास्त. शाळेत पेपर तपासतात तसेच. इथे गुण शून्यापासून एकापर्यंत. एकाच्या जवळचे गुण म्हणजे जागा चांगली, तिला तांबडा रंग. मधल्या गुणांना पिवळा, कमीला हिरवा.

एका गावाचे हे काम पाटीवर होईल. जिल्ह्याच्या लाखो चौकटी पाटीवर मावत नाहीत. तिथे कॉम्प्युटर लागतो. झाडोरा कोठे दाट आणि कोठे विरळ, हे आकाशातले उपग्रह टिपतात. उंची आणि चढउतारही तसेच कळतात. पाऊस सरकारी नोंदींतून मिळतो. अशा हिशेबाची एक पद्धत अमेरिकेतील तीन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केली. तिला मॅक्सेन्ट म्हणतात. जनावर कोठे नाही हे नक्की ठाऊक नसले तरी, कोठे आहे एवढ्यावरून ती काम करते. म्हणून ती जगभर वापरतात. लपणाऱ्या जनावरांना तर ती फार सोयीची.

पण हिशेबात खोट येऊ शकते, तीही पाहून ठेवू. आम्हाला स्वतःला हाच भाग सगळ्यांत गोड वाटतो.

वरच्याच गावात रस्त्याजवळच्या चौकटी चाळीस आहेत असे धरा. तिथे बिळे पाच तरी निघायला हवीत. निघाले एकच. ह्याचा अर्थ काय? जनावराला रस्ता आवडत नाही, हा एक अर्थ. रस्त्याजवळची जनावरे माणसांनी आधीच उचलून नेली, हा दुसरा. आकडा दोन्हींसाठी एकच. तो "कोठे" हे सांगतो, "का" हे सांगत नाही. "का" विचारायला माणसांकडेच जावे लागते.

उलटीही खोट असते. शोधणारी माणसे पायवाटेने जातात. बिळे दिसतात ती पायवाटेजवळची. मग कॉम्प्युटरला वाटते, ह्या जनावराला पायवाट भारी आवडते! म्हणून वाट सोडून, काट्याकुट्यांतूनही शोधावे लागते. आणखी एक. चोरटा माल पोलीस पकडतात तो बस स्टँडवर, नाक्यावर, शहरात. ती जागा नकाशात घातली तर खवल्या मांजर बस स्टँडवर राहते असे निघेल. अशी नोंद कामाची नाही.

नकाशा खरा की खोटा, हे पारखण्याची युक्तीही सोपी आहे. बारा बिळांपैकी तीन लपवून ठेवायची. नवांवरून नकाशा करायचा. मग लपवलेली तीन तांबड्यात पडतात का ते पाहायचे. पडली तर नकाशा बरा. पण थांबा. सगळाच गाव तांबडा रंगवला, तर तिन्ही तांबड्यात पडणारच! त्यात काही शहाणपण नाही. थोडी जागा तांबडी असावी आणि तरी तीत बिळे पडावीत, तेव्हा नकाशाला पास करावे.

आणि तांबड्या जागेत जनावर असेलच असे नाही. घर चांगले, पण घरचा माणूस मुंबईला गेलेला, अशी घरे आपल्या कोकणात थोडी आहेत का? नकाशा घर दाखवतो, माणूस दाखवत नाही. तो पाहायला दार ठोठवावे लागते.

आता आमच्या गावाकडे परत येऊ. ती तीन मुले आमच्या ओटीवर चहा घेत होती. आमच्या साक्षरता वर्गात येणारी एक आजी शेळ्या घेऊन परड्यातून चालली होती. सत्तरीच्या पुढची. आमचे बोलणे ऐकून थबकली.

"गुरुजी, नाय कसं म्हणता? वरल्या अंगाला हाय की. वारुळाच्या पायथ्याला. म्यां फाल्गुनात बीळ बघितलंय."

आम्ही म्हणालो, "आजी, साळिंदराचे असेल ते."

"साळिंदराच्या बिळापाशी काटं पडत्यात. तिथं काय नव्हतं. तोंड मातीनं बुजवलंतं. तुम्ही दिवसा फिरता, गुरुजी. त्ये रातचं फिरतं."

आम्ही गप्प बसलो. तिचे खरे होते. खवल्या मांजर आत असले की पुष्कळदा बिळाचे तोंड सैल मातीने बंद करून घेते, हे त्या मुलांनीच मग सांगितले. तीस वर्षे आम्ही मुलांना "निरीक्षण करा, निरीक्षण करा" असे शिकवत आलो, आणि आपल्याच रानाचे आपल्याला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजी पुढे, मुले मागे आणि आम्ही काठी टेकत सर्वांच्या मागे. जागा निघाली ती थेट तांबड्या चौकटीतली. उताराची, दाट सावलीची, वारुळे भरपूर. एका वारुळाची बाजू फोडलेली होती. खाली बीळ, बाहेर मातीचा ढीग, मातीवर नख्यांचे ओरखडे. मुलांनी समोरच्या झाडाला एक कॅमेरा बांधला. पुढून काही हलले की तो आपोआप फोटो काढतो. चौथ्या रात्री फोटो मिळाला. पाठीची कमान, लांब शेपूट. आम्ही चष्मा पुसून पुसून पाहिला.

येथवर सारे छानच. पण ती जागा कोणाची? आमचीच. आमची आणि आमच्या धाकट्या बंधूंची सामाईक. आणि ते जंगल तोडायला द्यायचे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते. लाकूडवाल्याचा इसारही घेऊन झाला होता.

रत्नागिरी जिल्ह्यात हीच खरी मेख आहे. इथले बहुतेक जंगल सरकारी नव्हे, खाजगी मालकीचे आहे. ताडोब्यासारखे "हे राखीव" असे म्हणता येत नाही. नकाशात तांबडी दिसणारी जागा कोणा ना कोणाच्या सातबाऱ्यावर असते. त्याला मुलीचे लग्न असते, घराचे छप्पर असते, दवाखाना असतो. झाडे तोडली, मग उन्हाळ्यात वणवा लागला, वर जेसीबी लावून सपाटी केली आणि कलमे लावली, की वारुळे गेली. वारुळे गेली की खवल्या मांजराची भाकरी गेली. कोणी त्याला मारायलाही नको.

आम्ही त्या मुलांना स्पष्ट विचारले, "सगळे जंगल राखायचे म्हणता का? आम्हाला पैशाची गरज आहे." त्यांनी पुन्हा नकाशा काढला. आमच्या सामाईक जागेत चार चौकटी होत्या. खालच्या दोन पिवळ्या, वरच्या दोन तांबड्या. वरच्या तांबड्यांना लागूनच पलीकडे गावची देवराई, आणि देवराईपलीकडे दुसऱ्या गावचे रान. मुलगा म्हणाला, "खालचे तोडा. वरचा पट्टा ठेवलात तर देवराईपासून इथपर्यंत त्याला ये-जा करायला वाट राहील." नकाशाचा खरा उपयोग आम्हाला त्या दिवशी कळला. "सगळे ठेवा" म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. "एवढेच ठेवा, आणि हेच ठेवा" म्हटले की माणूस विचार करू लागतो.

आम्ही अर्धा इसार परत केला. लाकूडवाला दोन शब्द बोलला, ते आम्ही ऐकून घेतले. धाकटे बंधू मात्र अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचेही अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पैशाची नड त्यांना आमच्याहून जास्त होती.

असे काम जिल्ह्यात इतरत्रही चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने खवल्या मांजरासाठी गावोगाव फिरून काम केले आहे. चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने तर २०२० साली खवलोत्सव केला, ह्या जनावराच्या नावाचा उत्सव. ज्याची शिकार व्हायची त्याचाच उत्सव! आम्हाला ही कल्पना फार आवडली.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. नकाशा राखणदाराला जितका उपयोगी, तितकाच चोरालाही. म्हणून जिल्ह्याचा रंगीत नकाशा दाखवतात, पण बिळाची नेमकी जागा कोणाला सांगत नाहीत. आमच्या एका पुतण्याने कौतुकाने तो कॅमेऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, खाली गावाचे आणि वाडीचे नाव लिहून. तिसऱ्या दिवशी दोन अनोळखी इसम मोटारसायकलवरून आले आणि "जनावर कोठे दिसते?" म्हणून विचारू लागले. वाडीने काही सांगितले नाही. आम्ही वनरक्षकाला कळवले. पुतण्याने फोटो काढून टाकला, पण निघालेला बाण परत येतो का?

तेव्हा नोंद करायची ती गाजावाजा करण्यासाठी नव्हे. नोंद वनरक्षकाकडे किंवा अभ्यास करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्यावी, लेखी. तीत काय लिहावे? दिनांक. जागेचे नाव, आपण म्हणतो तेच, म्हणजे "तळीच्या वर" किंवा "पिंपळाजवळ". काय दिसले, जनावर, बीळ की फोडलेले वारूळ. बिळाचे तोंड उघडे की बुजवलेले. माती ताजी की जुनी. आणि पाहणाऱ्याचे नाव. ऐकीव असेल तर "ऐकले" असेच लिहावे, "पाहिले" लिहू नये. शोधून मिळाले नाही तर तेही लिहावे, "अमुक दिवशी पाहिले, काही नव्हते". रिकामी नोंदही हिशेबात धरतात.

आजीने आपली पहिली नोंद स्वतःच्या हाताने लिहिली. "वारूळ" हा शब्द तिने "वारुळ" असा लिहिला होता. आम्ही लाल पेन्सिल हातात घेतली आणि पुन्हा खिशात ठेवली.

ह्या वर्षी त्या कॅमेऱ्यात काही आले नाही. बिळाच्या तोंडाशी सुकी पाने साचली आहेत. मुले म्हणतात, ते एकाच बिळात कायम राहत नाही, वरच्या चौकटीत पाहू. आजीनेही देवराईकडे बोट दाखवले आहे. पाऊस उघडला की आम्ही सगळे मिळून जाणार आहोत. धाकट्या बंधूंनाही निरोप दिला आहे. येतात का ते पाहायचे.